तंबोऱ्याची मिरज-यात्रा

सातारच्या आमच्या घरीं माडीवर एक अंधारी खोली आहे. पूर्वीं तींत भाताच्या कणग्या असत. कणग्या गेल्या आणि मोडक्या वस्तूंचा संसार तेथें थाटला गेला. तीनच पाय उरलेला चौरंग, दोऱ्या तुटलेला पाळणा, वडिलांची पत्र्याची पेटी अशा मंडळींत, भिंतीला टेकून, जुन्या रजईंत गुंडाळलेला एक तंबोरा गेलीं कित्येक वर्षें उभा होता.

हा तंबोरा आमच्या वहिनींचा. त्या या घरांत आल्या त्याच्या दुसऱ्या वर्षीं, १९७४ सालीं, आमच्या वडिलांनीं तो मिरजेहून आणविला. सुनेला गातां येतें ही गोष्ट त्या काळीं पुष्कळ घरांत सांगण्यापुरती असे, ऐकण्यापुरती नसे. वडिलांचा स्वभाव तापट खरा. परंतु या एका बाबतींत त्यांनीं कोणाचें चालूं दिलें नाहीं. आम्ही त्या वेळीं शाळेंत होतों. स्टेशनापासून घरापर्यंत टांग्यांत तंबोरा मांडीवर आडवा धरून बसण्याचा मान आम्हांस मिळाला होता. पुढें पस्तीस वर्षें या घराची पहाट त्या चार तारांवर उगवली. २००९ सालीं आमचे वडील बंधु वारले. त्यानंतर थोड्याच दिवसांत वहिनींनीं तंबोऱ्याच्या तारा उतरविल्या, त्याला रजई गुंडाळली, आणि तो माडीवर गेला. कोणीं कांहीं विचारलें नाहीं, त्यांनींही कांहीं सांगितलें नाहीं.

आतां घरांतील धाकटी नात गाणें शिकूं लागली आहे. तिच्या आईच्या मोबाईलमध्यें एक तंबोरा आहे. बोट लावलें कीं तो वाजूं लागतो, आणि फोन आला कीं थांबतो. तिनें एकदां विचारलें, "आजी, तुझा खरा तंबोरा कुठं आहे?" "फुटलाय तो," एवढेंच म्हणून वहिनी ताक घुसळावयास निघून गेल्या. तें आमच्या कानांवर पडलें आणि आमच्या डोक्यांत नको तें शिरलें. वहिनी लेकीकडे नागपुरास पंधरा दिवसांसाठीं जावयाच्या होत्या. तेवढ्या अवधींत तंबोरा घरच्या घरीं दुरुस्त करून त्या परत येतांच त्यांच्यापुढें ठेवावा, असा आम्हीं बेत केला.

पंचतंत्रांतील खुंटी उपटणाऱ्या वानराची गोष्ट आम्हीं वर्गांत किती वेळां शिकविली असेल, याची गणती नाहीं. अर्धवट चिरलेल्या लांकडाच्या फटींत सुतारानें ठोकलेली खुंटी, आणि ती उपटून स्वतःचा घात करून घेणारें तें वानर! ज्याचें त्यानें करावें, हा अर्थ फळ्यावर लिहून देण्यास आम्ही कधीं चुकलों नाहीं. परंतु शिकविणें निराळें आणि वागणें निराळें.

रजई सोडून पाहिलें तों भोपळ्याला वितभर लांबीची चीर गेली होती, दोन खुंट्या सैल झाल्या होत्या आणि पॉलिश काळवंडून त्याचे पोपडे निघाले होते. आम्हीं बाजारांतून उत्तमांतलें उत्तम रासायनिक चिकटद्रव्य आणून चिरेंत भरलें आणि वर दोरी आवळली. तबलीवर, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरील लांकडी झांकणावर, चकचकीत वार्निशाचे तीन हात दिले. येथवर झालेला अपराध कदाचित् क्षम्य ठरला असता. परंतु घोडी, म्हणजे जिच्यावरून तारा जातात ती लहानशी चौकी, पाहून आमचा स्वच्छताप्रेमी हात शिवशिवला. तिचा पृष्ठभाग पिवळट होता, त्यावर तारांच्या घासण्यानें चार बारीक रेघा पडल्या होत्या, आणि तो सपाटही नव्हता. मध्यें किंचित् फुगीर होता. कारागिराच्या हातून राहून गेलेली ही चूक समजून आम्हीं घांसकागद घेतला आणि अर्धा तास खपून ती घोडी आरशासारखी सपाट व गुळगुळीत केली.

नव्या तारा चढविल्या आणि छेडल्या. आवाज आला, नाहीं असें नाहीं. कोणी पत्र्याच्या डब्यावर बोट आपटावें तसा तो "टण्" करून उठे आणि जागच्या जागीं मरे. तंबोऱ्याचा तो गुंजारव, एक तार छेडली असतां तिच्या पोटांतून उलगडत जाणारी ती स्वरांची झालर, कोठेंच नव्हती. बाहेरून तंबोरा लग्नांतल्या नवरदेवासारखा दिसत होता आणि आंतून तो मुका झाला होता.

वहिनी परत आल्या. लपविण्याचा विचार मनांत आला नाहीं असें म्हटल्यास तें खोटें होईल. परंतु साठी उलटल्यावर असत्य पचत नाहीं. आम्हीं तंबोरा त्यांच्यापुढें ठेवला आणि सर्व सांगितलें. त्यांनीं वार्निशाकडे पाहिलें नाहीं, चिरेकडेही पाहिलें नाहीं. घोडीवरून एकदां बोट फिरविलें आणि म्हणाल्या, "भावोजी, जवारी गेली हो." मग पुष्कळ वेळानें, "मिरजेस घेऊन जा. पण मला विचारल्यावांचून आतां कांहीं करूं नका." त्यांनीं आम्हांस चार शब्द सुनावले असते तर बरें वाटलें असतें.

साताऱ्याहून मिरज आगगाडीनें साधारण तीन तासांची वाट. तंबोरा हा प्रवासांत फार अडचणीचा सोबती आहे. त्याला निजवावा तर बांकावर चौघांची जागा लागते. उभा करावा तर पोटाशीं धरून बसावें लागतें. कराड मागें पडेपर्यंत तिघांनीं आम्हांस ही सतार आहे काय म्हणून विचारलें, आणि एका गृहस्थानें तर हा पाण्याचा भोपळा केवढ्यास मिळतो, अशी चौकशी केली. ताकारी, किर्लोस्करवाडी, भिलवडी अशीं स्टेशनें घेत, दोन्ही बाजूंस उंसाचे मळे दाखवीत गाडी कृष्णाकांठच्या त्या काळ्या मुलुखांतून जाते. या वाटेनें १९७४ सालीं हाच तंबोरा नवाकोरा होऊन उलट दिशेनें आला होता, हा विचार आमच्या मनांतून जाईना.

मिरजेस दोन प्रकारचे रोगी येतात. १८९४ सालीं डॉक्टर वानलेस यांनीं येथें रुग्णालय काढलें, तेव्हांपासून वैद्यकाविषयीं या गांवाची ख्याति आहे, स्टेशनाबाहेर रिक्षेवाला पहिला प्रश्न "कुठला दवाखाना?" असाच करतो. दुसरे रोगी आमच्यासारखे, भोपळे कवटाळून येणारे. त्यांस कोठें न्यावयाचें हेंही रिक्षेवाल्यास सांगावें लागत नाहीं.

या धंद्याचा उगम ऐकण्यासारखा आहे. सतारी व तंबोरे करणारीं हीं घराणीं मूळचीं शिकलगारांचीं. तरवारी, भाले यांस धार लावणें व शस्त्रें घडविणें हें त्यांचें काम. इंग्रजी अंमल बसला, शस्त्रांची मागणी सरली आणि हातांतली कला रिकामी पडली. इकडे मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयास मोठमोठे गवई येत आणि त्यांचीं वाद्यें दुरुस्त करावयास जवळपास कोणी नसे. १८५० च्या सुमारास फरीदसाहेब शिकलगार यांनीं या कामांत हात घातला, असें येथें परंपरेनें सांगतात. ज्या हातांनीं पोलादास धार दिली त्यांनींच तारेस धार दिली. पुढें या घराण्यांचें आडनांवच सतारमेकर पडलें. २०२४ सालीं मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळालें; परंतु गवयांच्या जगांत हें मानांकन पुष्कळ आधींपासून होतें.

आम्ही गेलों तें दुकान म्हणजे एका घराची ओसरीच होती. आढ्याला उलटे टांगलेले भोपळे, कोपऱ्यांत तुणाच्या लांकडाच्या फळ्या, लाखेचा व स्पिरिटाचा वास. वृद्ध कारागिरांनीं तंबोरा मांडीवर घेतला, एक तार छेडली आणि चष्म्यावरून आमच्याकडे पाहिलें.

"गुरुजी, रागावूं नका, पण भोपळ्याला हें काय भरलंय?"

"आम्हींच भरलें."

"आणि घोडीला कागद कुणी मारला?"

"तोही आम्हींच."

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बरं झालं. तारा तरी दुकानातनं आणलासा."

त्यानंतरचे तीन दिवस आम्ही त्या ओसरीवर विद्यार्थी म्हणून बसलों. जन्मभर दुसऱ्यांस बांकावर बसविलें, त्याचें उट्टें निघालें म्हणावयाचें.

पहिली गोष्ट कळली ती सरसाची. जुने कारागीर सांधे जोडण्यास जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरीत. तो ऊब व ओल लागली कीं सुटतो. आम्हांस तो दोष वाटला. कारागीर म्हणाले कीं, हाच त्याचा गुण. वाद्य हें उघडण्यासाठींच जोडलेलें असतें. आज ना उद्यां कोणीतरी तें उघडणार आहे, हें जोडणाऱ्यानें धरून चालावयाचें. त्यांनीं तबलीच्या कडेस ऊब दिली, पातळ पातें घातलें, आणि पन्नास वर्षांपूर्वीं बसविलेली ती तबली हळूहळू सुटून हातांत आली. आम्हीं भरलेलें चिकटद्रव्य मात्र कशालाच दाद देईना. शेवटीं तें कोरून काढावें लागलें, आणि त्याबरोबर भोपळ्याचीही बोटभर रुंदीची पट्टी गेली. ती कोरतांना त्यांचा हात जितका शांत होता तितकें आमचें मन अशांत होतें.

हा भोपळा खाण्याचा नव्हे, कडू जातीचा. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूस, भीमेच्या खोऱ्यांत याचें पीक घेतात, आणि चांगला गोल व जाड सालीचा भोपळा हेरून महिनोगणती वाळवितात. जुन्या एका फुटक्या भोपळ्याचा तुकडा कापून त्यांनीं आमच्या तंबोऱ्यांत बसविला, आंतून कापडाच्या पट्ट्या सरसानें डकविल्या, वार्निश खरवडून काढलें आणि लाखेचें पॉलिश कापसाच्या बोळ्यानें पातळ हातानें दिलें. जाड वार्निशानें तबलीचा श्वास कोंडतो, असे ते म्हणाले. ठिगळ रंगानें झांकूं काय, असें त्यांनीं विचारलें. आम्हीं नको म्हटलें.

खरा प्रश्न घोडीचा होता. आमच्या तंबोऱ्याच्या घोडीवर सांबरशिंगाची पट्टी होती. पूर्वीं यासाठीं हस्तिदंत किंवा सांबरशिंग वापरीत. वन्यजीवांच्या संरक्षणाचा १९७२ चा कायदा व त्यांतील पुढच्या दुरुस्त्या यांमुळें तो व्यापार बंद झाला, आणि तें योग्यच झालें. आतां शिसवी लांकूड, उंटाचें हाड किंवा कृत्रिम पट्टी लावतात. कारागिरांनीं आमची पट्टी उजेडांत धरून तिची जाडी पाहिली. जवारी काढावयाची म्हणजे पट्टीचा थोडा अंश दर खेपेस जावयाचाच. त्यांतून आमच्या घांसकागदानें बराच खाल्ला होता.

"एक जवारी निघंल. फार तर दीड," ते म्हणाले. "चुकली तर पट्टी बदलायची."

जवारी म्हणजे काय, हें आम्हीं येथें आमच्या समजुतीप्रमाणें सांगतों. इतर पुष्कळ तंतुवाद्यांत घोडीची धार अरुंद असते. तार तिच्यावर एका ठिकाणीं टेकते आणि तेथून कांपते. तंबोऱ्याची घोडी रुंद असून तिचा माथा अत्यंत सूक्ष्म असा उतरता व फुगीर ठेवलेला असतो. तार कांपतांना त्या उतारावर क्षणोक्षणीं टेकते आणि सुटते. त्या असंख्य स्पर्शांतून मूळ स्वरापेक्षां उंच असे अंशस्वर जागे होतात. म्हणूनच खर्जाच्या तारेंतून, जो कोणीं छेडलेला नाहीं असा गंधार आपोआप ऐकूं येतो. तार व घोडी यांच्यामध्यें सुताचा एक धागा सरकवितात, तो या स्पर्शाची जागा नेमकी करण्यासाठीं. सर चंद्रशेखर वेंकट रामन् यांनीं १९२१ सालीं तंबोरा व वीणा यांवर निबंध लिहून दाखविलें कीं, तारेच्या ज्या बिंदूवर छेडलें असतां कांहीं अंशस्वर सामान्य नियमाप्रमाणें मुळींच उठूं नयेत, तेथें छेडूनही या वाद्यांत ते उठतात. आणि हें सर्व त्या घोडीच्या माथ्याचें कर्तृत्व. जो फुगीरपणा नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या पंडितास विचार करण्याजोगा वाटला, तो आम्हीं चूक समजून अर्ध्या तासांत घांसून टाकला होता!

दुसऱ्या दिवशीं सकाळीं कारागिरांनीं कानस हातांत घेतली आणि विचारलें, "गाणार कोण? पट्टी कुठली?"

आम्ही निरुत्तर झालों. वहिनी पूर्वीं काळी चारमध्यें गात. आतां सत्तरी उलटली. परवां देवापुढें आरती म्हणतांना त्यांचा आवाज खालीं आलेला आम्हीं ऐकला होता. नातीच्या गाण्याची पट्टी काळी चार. पट्टी बदलली कीं तारेचा ताण बदलतो, कधीं जाडीही बदलते, आणि त्याबरोबर जवारीही. अर्ध्या-एका सुराचा फरक धाग्यानें सांभाळतां येतो. त्याहून अधिक झाला तर पुन्हां कानस. आणि कानशीस आतां शिल्लक फारशी नव्हती. विचारल्यावांचून कांहीं करूं नका, ही आज्ञा होती. आम्हीं घरीं मोबाईल लावला.

पलीकडे वहिनी पुष्कळ वेळ बोलल्या नाहींत. स्वयंपाकघरांतील भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. मग म्हणाल्या, "काळी चार." कोणासाठीं, हें आम्हीं विचारलें नाहीं.

जवारी काढण्याचें काम पहाटे चालतें, कारण पुढें रस्त्यावरच्या गोंगाटांत कान चालत नाहीं. कानशीचे दोन हलके हात, मग तार चढवावयाची, छेडावयाची, मान कलती करून ऐकावयाचें, तार उतरवावयाची, पुन्हां कानस. पहिल्या दिवशीं आम्हांस दोन आवाजांत कांहींच फरक कळेना. प्रत्येक वेळीं आम्ही "वाहवा" म्हणत होतों आणि ते प्रत्येक वेळीं मान हालवून तार उतरवीत होते. तिसऱ्या दिवशीं मात्र जोडाची एक तार इतर तारांपेक्षां अंमळ कोरडी आहे, हें त्यांनीं सांगण्यापूर्वीं आम्हांस ऐकूं आलें. आम्हीं तसें म्हणतांच ते पहिल्यानेंच मनमोकळे हंसले. त्यांचा मुलगा पुण्यास संगणकाच्या कचेरींत आहे; कान त्यालाही आहे, पण पहाटेचा वेळ नाहीं, असें ते कोणासही दोष न देतां म्हणाले.

दुपारचा वेळ आम्हीं गांव पाहण्यांत घालविला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारांत खांसाहेब अब्दुल करीम खां यांची समाधि आहे. ते १९३७ सालीं मद्रासकडील प्रवासांत वारले आणि त्यांचा देह मिरजेस आणला गेला. उरुसाच्या वेळीं त्यांच्या स्मरणार्थ येथें संगीतसभा होते. याच गांवीं बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं विष्णु दिगंबर पलुसकर शिकले. लहानपणीं दारूच्या स्फोटानें दृष्टि अधू झालेला तो मुलगा औषधोपचारासाठीं मिरजेस आला आणि गाणें घेऊन बाहेर पडला; १९३१ सालीं त्यांनीं देह ठेवला तोही मिरजेसच. मिरजेच्या दोन प्रकारच्या रोग्यांविषयीं आम्हीं वर थट्टेनें लिहिलें. परंतु एकाच माणसांत ते दोन्ही एकत्र आल्याचें हें उदाहरण आठवून आमची थट्टा जागींच विरली.

चौथ्या दिवशीं तंबोरा घेऊन परतलों. वहिनींनीं ठिगळावरून हात फिरविला, कांहीं बोलल्या नाहींत. चटई अंथरून त्या बसल्या, तारा लावल्या, धागे केसाएवढे पुढें-मागें सरकविले. चौदा-पंधरा वर्षांनंतर त्या खोलींत तो आवाज उठला तेव्हां स्वयंपाकघरांतील मंडळी हातांतलें काम टाकून दाराशीं आली. नात समोर बसली होती. तिनें षड्ज लावला. तो पहिल्यानें थोडा कांपला आणि मग तारांत मिसळून गेला. वहिनी फक्त छेडीत होत्या. त्या स्वतः गायल्या नाहींत. कोणीं आग्रहही केला नाहीं.

असे आठ-दहा दिवस गेले. एके दिवशीं पहाटे आम्ही स्नानासाठीं उठलों तों माडीवर तंबोरा वाजत होता. परंतु त्याचा स्वर निराळा, खालचा. आम्ही जिन्यांत थांबलों. वहिनींनीं तारा काळी तीनला उतरविल्या होत्या. त्या पट्टीला जवारी नीट बोलत नव्हती. पंचम तेवढा गुंजत होता, जोड कोरडी होती. तें आतां आम्हांसही कळत होतें. त्या धागा सरकवीत, छेडीत, थांबत, पुन्हां सरकवीत.

आमची चाहूल लागली असावी. आंतून हांक आली, "भावोजी, हा धागा जाड होतोय. माझ्या शिवणाच्या डब्यांत पांढरं बारीक सूत आहे, तेवढं द्या बघूं."

आम्हीं डबा नेऊन दिला आणि दार ओढून घेतलें.